भेटीचा अभंग मी मयतीला लावला

काल बिरादार सरांच्या अंत्यविधीत चुकीचा अभंग वाजला.
आणि ती चूक माझी आहे.

सर आम्हाला नांदेडच्या कॉलेजात मराठी शिकवायचे. रिटायर झाल्यावर गावी, रेणापूरला राहिले. मी एका टीव्ही मालिकेचे एपिसोड लिहितो. तिच्यात एक अभंग आहे, कित्येक शतकं जुना. सरांनीच शिकवलेला.

मालिकेत कुणी मेलं, की तो लागतो. सोबत व्हायोलिन.
आयडिया माझीच. तेव्हा कौतुकही झालं होतं.

सर रोज संध्याकाळी सातला मालिका बघायचे. जाहिराती लागल्या की फोन करायचे. ब्रेक संपला की बोलता बोलता कट.

अभंग पहिल्यांदा लागला, त्या दिवशी ओरडलेच.
"अरे येड्या, किती वर्सांनी जिवाचं माणूस दारात आलंय, त्या आनंदाचा अभंग हाय तो! अन् तू मयतीला लावून राहिलास?"
"सर, टीव्हीत चालतं तेवढं."
"मी तुला असा शिकवला व्हता का?"
तेवढ्यात ब्रेक संपला.

पुढं मी शब्द दिला. नायिकेची हरवलेली बहीण घरी येईल, तेव्हा लावतो.
"लाव बाबा. एकदा तरी त्याच्या जागी वाजू दे."

मीटिंगमध्ये चॅनलवाले म्हणाले, हा ट्रॅक आता मरणाचा झालाय. बहीण आल्यावर वाजला, तर ऑडियन्सला वाटेल हीपण मरणार.
मी भांडलो नाही. काम जाईल अशी भीती वाटली, खरं सांगतो.

बहीण आली. नुसतं व्हायोलिन वाजलं.
जाहिराती लागल्या. सरांचा फोन आला नाही.
मीही केला नाही. कोणत्या तोंडानं करणार?

परवा सर गेले.

काल त्यांना उचलताना पुतण्यानं मोबाइलवर तोच ट्रॅक लावला. आमच्या मालिकेतला, व्हायोलिनसकट. सगळी गल्ली हुंदके द्यायला लागली. तिथं रडायचं, हे मीच त्यांना शिकवलंय.

सरांच्या पत्नी, आमच्या काकू, मला म्हणाल्या, "हे भेटीचं हाय म्हणायचे रे तुझे सर. बंद करायला सांग की."

मी पुतण्याजवळ गेलो. तो डोळे पुसत म्हणाला, "दादा, तुमच्यामुळंच कळला आम्हाला हा अभंग. लई लागतो जिवाला."

मी तसाच मागं फिरलो. स्मशानापर्यंत तो वाजतच राहिला.

आज सातला टीव्ही लावला. जाहिराती लागल्या, तसा फोन हातात घेऊन बसलो.

सर, तुम्ही नीटच शिकवलं होतं.
माफ करा. अखेरचा नमस्कार.