उष्ट्या बाटल्यांचा बैल

गेवराईत आमच्या चौकात एका मंडळानं पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांचा बैल उभा केला होता. डोळ्यांना निळी झाकणं, शेपटीला कॅरीबॅगच्या चिंध्या आणि गळ्यात पाटी, ‘मी तुमचा कचरा खाल्ला’. लोक हसत फोटो काढायचे. मला मात्र पहिल्या दिवसापासून त्याचा संशय. रस्त्यावरची बाटली चेपलेली असते, तिच्यात माती असते, नाहीतर गुटख्याची पिंक. या बैलावर साधा ओरखडा नव्हता. त्या वर्षी पावसानं ओढ दिली होती. टँकरची वाट बघत मी त्याच्याभोवती फिरून एकेक बाटली तपासायची. नवरा म्हणायचा, “तुला प्रसादात बी खडे सापडतात.”

पोळ्याला गल्लीत कुणाकडे बैल उरला नव्हता, म्हणून सासूबाई पुरणपोळीचं ताट घेऊन त्याच बैलापुढं गेल्या. कुंकू लावलं आणि एकदम थबकल्या. “लोकांनी तोंड लावलेल्या बाटल्या ह्या. उष्ट्याला निवद कसा दाखवू?”

मंडळाचा अध्यक्ष शेजारीच उभा होता. तो लगबगीनं पुढं आला. “मावशी, खुशाल दाखवा. एक बी बाटली उष्टी न्हाई. सगळ्या नव्या खोक्यातनं काढल्यात.”

सासूबाईंचं समाधान झालं. त्यांनी पोळी बैलाच्या तोंडाशी धरली.

“आणि आतलं पाणी?” मी विचारलं.

“ते दिलं की गटारीत ओतून.”

बैलाच्या सावलीला रांगेत ठेवलेल्या आमच्या घागरी सकाळपासून कोरड्या होत्या.