मोकळी सोडलेली सम

व्यंकटेश गेल्याचा फोन आला तेव्हा मी विद्यालयात तबला लावत होतो. त्याची बायको पद्मा बोलत होती. "मास्तर, हे गेले हो," एवढंच म्हणाली. मी फोन ठेवला आणि हातोडी उचलून पुन्हा तबला लावायला लागलो... काय करतोय, माझं मलाच कळत नव्हतं. त्याला आता दीड महिना झाला.

सोलापूरच्या पूर्व भागात एका वाचनालयाच्या माडीवर आमचं संगीत विद्यालय आहे, म्हणजे एकच खोली. तिथं मी तबला शिकवतो. व्यंकटेश विणकराच्या घरातला, तरुणपणी लग्नाच्या बँडमध्ये ताशा वाजवणारा. पुढे प्रवासी जहाजावरच्या वाद्यवृंदात लागला, तिथं क्यूबाच्या एका पियानोवाल्याकडून लॅटिन जॅझ शिकला आणि सात वर्षांनी दोन कोंगा, म्हणजे ते पिंपासारखे उंच ढोल, घेऊन घरी आला आणि आमच्याच खोलीत शिकवायला लागला. सोलापुरात लॅटिन जॅझ! मी त्याची टिंगल करायची एकही संधी सोडली नाही. पण संध्याकाळी सहाला गणवेश शिवणाऱ्या बायका, रिक्षावाले, कॉलेजची मुलं त्याच्या वर्गात दाटीवाटीनं बसायची, आणि माझ्या तबल्याला पाचजण.

त्याचा पहिला धडा दोन काठ्यांचा असे. वडिलांच्या बंद पडलेल्या मागाचा लाकडी दांडा कापून त्यानं त्या केल्या होत्या. आधी दोन ठोके, मग तीन, आणि त्या पाचांच्या आधारानं बाकीचं सगळं. मी ऐकायला बसलो की अस्वस्थ व्हायचो. कारण पहिल्या मात्रेवर, ज्या समेवर आम्ही तबलजी जीव ओततो, तिथं तो काठी उचलून नुसता थांबायचा. एकदा मी भडकलोच.

"अरे, सम कुठाय तुझी?"

"हाय की, मास्तर. फक्त वाजवायची न्हाय. सगळ्यांनी मनात धरायची."

तो हसत होता. मी त्याच्याशी आठवडाभर बोललो नाही. असा मी.

गेल्या वर्षी त्याच्या मूत्रपिंडांनी दगा दिला. डायलिसिस झालं की हाताची पट्टी तशीच ठेवून तो वर्गावर यायचा. बोटं सुजायला लागली तेव्हा एका दुपारी त्या काठ्या माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "तुमी शिकून घ्या की, मास्तर. माझ्यामागं वर्ग बंद पडाय नको. लई गोडी लागलीय ह्यांना." मी काठ्यांना हातही लावला नाही. "तुला काही होत नाही. बरा हो आणि तूच शिकव," म्हणालो. ऐकणाऱ्यांना तो धीर वाटला असेल. खरं सांगतो, ती निव्वळ घमेंड होती. चाळीस वर्षं तबला शिकवलेल्या माणसानं ताशावाल्याकडून ठोके शिकायचे? त्यानं आणखी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी हसण्यावारी नेलं.

तो गेल्यावर वर्ग मी मागून घेतला. कुणी सांगितलं नव्हतं. मोबाइलवर त्याच्या वाजवण्याची चित्रफीत लावून घरी तासन् तास बसतो. कानाला सगळं कळतं, हातात काही उतरत नाही. दोन ठोके, तीन ठोके... आणि सम आली की हात पडतोच. पडला की सगळ्यांचा ठेका विस्कटतो. अठराजण होते, आता चौघं उरलेत. त्यांना जेमतेम पहिले धडे येतात. पुढचं सगळं व्यंकटेशच्या हातात होतं, आणि ते हात आम्ही जाळून आलो.

परवा सुनंदानं, ती शिलाई कारखान्यात काम करते, समेच्या आधी हलकेच माझं मनगट धरलं. "सर, हितं थांबायचं. व्यंकटेश सर थांबायचे की."

"मला थांबता येत नाही गं," मी म्हणालो, आणि चौघांसमोर रडलो.

काठ्या खिडकीत ठेवलेल्या असतात. एकीच्या मध्यावर त्याच्या ठोक्यांनी बारीक खळगा पडलाय. संध्याकाळी सहाला मी त्या उचलतो. ठोका बरोबर त्या खळग्यात बसतो, पण रोज त्यानं मोकळ्या सोडलेल्या मात्रेवर.