विसार देण्यापूर्वीचा स्वयंपाक

माझे संपूर्ण नाव बाजीराव लटारी चुनारकर, वय बहात्तर. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयाने केले. आलापल्लीच्या लाकूड डेपोत हयात गेली. तेथील थप्पीसारखेच किस्सेही एकावर एक चढतात. खालचा एक ओढावा, तर वरचे चार घरंगळत येतात! नवे घर घेणाऱ्यांना उपदेश करण्यापेक्षा आमचे सहकारी रघुनाथ रामटेके यांचे किस्से सांगणे मला अधिक उचित वाटते.

काळ ऐंशीच्या दशकातला. रामटेके निवृत्त होत होते, क्वार्टर सोडावयाचे होते. चंद्रपूरच्या वेशीवर एका बिल्डरची नवी घरे उभी राहत होती. जमापुंजीत घर एकदाच होणार होते. फसले तर दुसरे नव्हते. म्हणून ते व सुमनबाई घर पाहावयास निघाले, की मी आणि वनरक्षक कुमरे सोबत असू.

*

पहिल्याच भेटीत आम्ही तिघे पुरुष दाराच्या चौकटीला भिडलो. नखाने खरवडले, वास घेतला, रेषा न्याहाळल्या. "असल सागवान!" कुमरेंनी निकाल दिला. छताकडे कोणी मान वर केली नाही.

बराच वेळ वाट पाहून बिल्डरच म्हणाला, "भाऊ, घर घेऊन राह्यले का नुसतं दार?"

छतापासून भिंतीत उतरलेली भेग अखेर सुमनबाईंनी दाखविली.

*

विजेची जोडणी झालेली नव्हती. रामटेकेंनी विचारले, "लाइन कवा येनार?"

बिल्डरने गच्चीवरून वीजकेंद्राच्या धुराड्याकडे हात केला. "थे पाहा! वीज तं तिथीच बनते."

कुमरे शांतपणे म्हणाले, "धानाच्या बांधीत बसलो म्हनून पोट भरते का, शेट?"

*

पुढे नमुन्याचे घर दाखविण्यात आले. बाहेर मे महिन्याचे ऊन, आत कसा गारवा! रामटेके तर डोळे मिटून खुर्चीत विसावले. "घर थंड हाय बरं," ते पुटपुटले.

खिडकीत कूलर घरघरत होता. जनरेटर मागे ठेवलेला होता.

"थो बंद करा ना बाप्पा," सुमनबाई म्हणाल्या, "मले घर पाहाचं हाय."

कूलर बंद झाला. रामटेकेंनी डोळे उघडले आणि थोड्याच वेळात शर्टाची बटणेही.

*

नंतर बाईंनी न्हाणीत बादलीभर पाणी ओतले. ते मोरीकडे न जाता डौलाने स्वयंपाकघरात शिरले!

"नवीन घर हाय, बाई," बिल्डर म्हणाला. "वास्तुशांती झाली का उतार आपोआप बसते."

"आमी तं बुद्धवंदना घेतो. वास्तुशांती नाई करत आमच्यात," बाई गंभीरपणे म्हणाल्या. "मंग आमचा उतार कसा बसंन?"

दुसऱ्या दिवशी गवंडी आला.

*

भेग बुजली, उतार बसला, वीजही आली. राहिला विसार, सौदा पक्का करण्याची आगाऊ रक्कम. बिल्डरने भरलेली विहीर दाखविली. "भर उन्हाळ्यात पाहा, हाताले पानी लागते!" काठालगत टँकरच्या चाकांच्या ताज्या खुणा होत्या.

रामटेके खिशात हात घालू लागले, तोच सुमनबाईंनी त्यांना थांबविले. "डेपोत लिलावाच्या आधी गिऱ्हाईक ओंडका उलटवून पाहाते ना? मी बी पाहीन. एक दिवस इथी रांधीन, मंग विसार."

बिल्डर हसला. "रांधा ना बाई! मी बी जेवाले येतो."

रविवारी बाईंनी स्टोव्ह मांडला. डेपोतील दहा-बारा मंडळी सहकुटुंब निमंत्रित होती. बाईंची एकच अट होती: आंघोळ येथेच करावयाची आणि धुणे सोबत आणावयाचे. सकाळपासून रहाट थांबला नाही. कुमरेंनी तर दोनदा स्नान केले!

दुपारी बिल्डर आला. वरण-भात, वांग्याची भाजी आणि ठेचा यांवर त्याने मनापासून ताव मारला. मग खरकटा हात वर धरून म्हणाला, "बाई, हात धुवाले पानी द्या जरा."

सुमनबाईंनी रिकामी बादली त्याच्यापुढे ठेवली.

"हिरीतून घ्या ना, भाऊ. तुमचीच हाय."

तो बादली घेऊन गेला. रहाट करकरला, दोर बराच वेळ खाली जात राहिला, आणि मग खालून ठण्ण असा आवाज आला.

पावसाळ्यापूर्वी ती विहीर खडक फोडून खोल करण्यात आली. रामटेकेंनी विसार त्यानंतर दिला.