अठरावं मत

लॉजचा संडास तुंबला तेव्हा नानांनी अठरा जणांमधून मलाच हाक मारली.

"अक्का, तुमले या कामनी सवय शे."

सगळे नगरसेवक व्हरांड्यात उभे होते. बाया पदर नाकाला लावून. मीही नगरसेविकाच. त्यांच्यासारखीच मतं मागून निवडून आलेली. तरी एकाने बादली आणि खराटा आणून माझ्या पायाशी ठेवला.

आणि मी केलं. कोपरापर्यंत हात घालून केलं. बाहेर आले तर नाना म्हणाले, "आंघोळ करी ल्या, मंग जेवाले या." माझं ताट चपलांशेजारी मांडलं होतं.

ही आमची सहल. धुळ्याजवळच्या आमच्या नगरपालिकेत नगराध्यक्षाची निवडणूक होती. नाना आमच्या गटाचे पुढारी. त्यांच्याकडे अठरा नगरसेवक, समोर सतरा. कुणी फुटू नये म्हणून नानांनी आम्हाला गाड्यांत घालून सापुताऱ्याकडच्या एका लॉजवर नेऊन ठेवलं. फाटकाला कुलूप. फोनला हात लावायचा नाही. पत्ते कुटायचे, जेवायचं, झोपायचं. मेंढरं बरी, त्यांना चरायला तरी सोडतात.

मी यात कशी आले? वॉर्ड राखीव झाला, तोही बाईसाठी. नानांना आमच्या वस्तीतली एक गप्प बसणारी बाई हवी होती. माझ्या सासूने जन्मभर मैल्याची टोपली वाहिली. नगरपालिकेतल्या तिच्या जागेवर वारस म्हणून माझ्या नवऱ्याला लावायचं होतं, आणि ती फाईल नानांनी अडवून धरली होती. म्हणून मी उभी राहिले. म्हणूनच गप्प होते. आज संताप येतो तो याचा, की आम्ही टोपलीच मागत होतो, तीही हात जोडून.

पाचव्या दिवशी सकाळी संडास परत तुंबला. दार वाजलं. बादली घेऊन नाना स्वतः उभे.

"आते नही, नाना," मी म्हणाले.

ते हसले. "तुन्हा नवरानी फाईल मन्हा हातमा शे. ध्यानमा ठेव."

नवरा डोळ्यांपुढे आला, पोरं आली. फाटकाचं कुलूप खिडकीतून दिसत होतं. आणि तेव्हा डोक्यात लख्ख उजेड पडला. अठरातली एक गेली तर यांचा सगळा डाव उधळतो. हे कुलूप माझ्यासाठीच आहे. मला वाटत होतं, मला नानांची गरज आहे. गरज त्यांना होती.

मी दार लावून घेतलं. लॉजचा माणूस दुपारी आला, तोवर सगळे मान्यवर डबडं घेऊन झाडीत जाऊन आले.

मतदानाच्या दिवशी सभागृहात मी कुणालाच मत दिलं नाही. समोरच्यांनीही मला बादलीच दिली असती, माहीत होतं. सतरा-सतरा झाले. चिठ्ठी काढली. नानांचाच माणूस निघाला. म्हणजे मी काही जिंकले नाही. नवऱ्याची फाईल मात्र त्याच आठवड्यात बंद झाली.

नवरा म्हणाला, "आखो एक डाव घाण काढी टाकती तं काय बिघडतं?"

"एक डाव काढीच व्हती ना," मी म्हणाले. तो तीन आठवडे माझ्याशी बोलला नाही. मी त्याला दोष देत नाही. त्याच्या हाताला काम नव्हतं.

आता परत निवडणूक लागली आहे. वॉर्ड खुला झालाय. आमच्या वस्तीबाहेर मला कोण मत देणार? तरी मी फॉर्म भरला. वस्तीची मतं फुटतील या धास्तीने काल नानांचा माणूस निरोप घेऊन आला, फॉर्म मागे घे, फाईल परत काढतो. नवरा दारात उभा राहून ऐकत होता. नुसता माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

मी म्हणाले, "नानासले सांगा, मी उभी शे."

पडेन बहुधा. फॉर्म मागे घेणार नाही.