वन्संचे गाठोडे, माझी खळ

माझ्या नातवंडांनो,

बैठकीतल्या चित्रावर कापडाचे तुकडे आणि ज्वारी का चिकटवली आहे, असे तुम्ही दोनतीनदा विचारलेत. तुमच्या आत्याआजी होत्या तोवर मी उत्तर टाळले. त्या यंदा चैत्रात गेल्या. आता सगळे क्रमाने लिहिते.

तुमचे आजोबा नंदुरबारच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. मी पुण्याच्या कॉलेजात शिकलेली. विलायती चित्रकारांवरची पुस्तके वाचलेली, म्हणून नवरा चित्रकार मिळाला याचा मला फार आनंद झाला होता. वाटले, आमचे बोलणे कधी संपायचे नाही.

त्यांची रीत वेगळी होती. फळीवर मांजरपाट ताणायचे, त्यावर खडूची पूड आणि सरस यांचा हात द्यायचा. तो वाळला की पातळ रंगात नदी, डोंगर, आभाळ. पेन्सिलीने आधी काही आखायचे नाही. मग त्यांच्या थोरल्या बहीण, माझ्या वन्सं, समोर गाठोडे सोडून बसत. लहान वयात विधवा होऊन त्या माहेरी परतल्या होत्या. गाठोड्यात शिंप्याकडच्या चिंध्या, चहाच्या पुड्यातला चंदेरी कागद, सुतळी, कापूस. त्या तुकडा टाकत, हे बोटाने सरकवत, त्यातून माणसे उभी राहत. कुठे थांबायचे ते दोघांना एकदमच कळे.

"आक्का, हाऊ लाल तुकडा?"

"लाल नको, भाऊ. बाजारमा जाई ऱ्हायनी ती. तिन्हं लगीन लावस का?"

आणि दोघे हसत. आपसात त्यांची अहिराणी चाले; माझ्याशी मात्र ते शाळेतल्यासारखे बोलत. "चहा होईल का?" मी चहा ठेवून जाई आणि दारामागून तो हशा ऐके. एखाद्या परक्या बाईचा मत्सर करता आला असता. तिचे नाव घेऊन भांडता आले असते. सख्ख्या बहिणीचा मत्सर कुणाला सांगायचा?

एकदा धीर करून जवळ बसले. म्हटले, "मागची माणसे लहान हवीत ना? नाहीतर अंतर कळत नाही."

"बरोबर आहे तुझे," ते म्हणाले. इन्स्पेक्टरला म्हणावे तसे. बदलले काहीच नाही. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, पदर आवरा. वल्लं शे."

तापीकाठच्या प्रकाशा गावच्या बाजाराचे चित्र त्या वर्षी शाळेच्या दालनात लागणार होते. त्यात धान्याच्या राशी खऱ्या ज्वारीच्या होत्या, पिठाच्या खळीने चिकटवलेल्या. एके दिवशी सकाळी पाहतो तर उंदरांनी राशी खाल्लेल्या, खळीपायी दोन बायकांचे घाघरेही कुरतडलेले.

"उंदीरलेबी आवडनं, भाऊ!" वन्सं म्हणाल्या. ते हसले नाहीत. त्या दोघांत पहिल्यांदा गप्पपणा आला आणि मला तो हवासा वाटला.

मी म्हटले, "आमच्या कॉलेजात बाइंडर खळीत मोरचूद घालायचा. पुस्तकांना कीड, उंदीर लागत नसत."

"खळबी इंग्रजी शिकेल शे वाटस!" वन्संनी टोमणा मारला. पण ह्यांनी लगेच मोरचूद मागवले. खळ मी शिजवली. तिला निळसर झाक आली, नव्या राशीच्या कडेने ती मांजरपाटावर उतरली. मला वाटले, आता रागावतील. ते वाकून बराच वेळ बघत राहिले. "ही निळाई राहू दे. सावली पडल्यासारखी दिसते."

मी पाट ओढून घेतला. वाटले, आता 'इथे बस' म्हणतील, तुकडा हातात देतील.

"पुढच्या वेळीही खळ तूच कर," ते म्हणाले आणि वळले. "आक्का, गाठोडं सोड."

पुढे प्रत्येक चित्राची खळ माझी. चुलीशी उभी राहून मी ती घोटत असे, आणि फळीशी ते दोघे. पाट मी भिंतीला लावून ठेवला.

त्यांच्या चित्रांपैकी आता बैठकीतले ते बाजाराचे एकच उरले आहे. कापडाचे रंग उडालेत, ज्वारी जागच्या जागी आहे. खाली उजवीकडे त्यांची सही आहे, आणि सहीशेजारी वन्संच्या अंगठ्याचा ठसा.