हुरड्याचा आहेर

आमच्या गावात आता ज्वारी कुणी पेरत नाही. डोंगरकडा गावाच्या त्या बाजूला जिकडे बघावं तिकडे हळद, नाही तर केळी. ज्वारीबरोबर हुरडाही गेला. माझे वडील, आबा, दर हिवाळ्यात एकदा तरी म्हणायचेच, "हुरडा खाऊन किती वर्सं झाली गं."

म्हणून यंदा मी औंढ्याच्या रस्त्यावरच्या एका शेतात फोन करून जागा ठेवली. तिथे हुरडा असतो, बैलगाडीत फिरवतात, पोरांना झोके असतात. पैसे मोबाइलवरूनच भरले. आबांना मात्र सांगितलं, "ओळखीच्यांनी बोलावलंय." शेतात आलेल्याला हुरडा खाऊ घालायचा असतो, त्याचे पैसे घेणं त्यांच्या लेखी तहानलेल्याला पाणी विकण्यासारखं. खरं कळलं असतं तर ते घरातून हललेच नसते. थाप एवढीशी होती आणि मला माझ्या हुशारीचं कौतुकच वाटत होतं.

तिथे गाडीतून माय आणि माझी पोरं उतरली; आबा उतरले ते कापडी पिशवी घेऊन.

"यात काय आहे?"

"टावेल-टोपी. मालकीणबाईसाठी तुझ्या मायनं खण घेतलाय. कुनाच्या शेतात रिकाम्या हातानं जातेत का?"

तिथेच खरं सांगून टाकायला हवं होतं. मी म्हणाले, "बरं केलंत."

फाटकावर एक जण मनगटाला कागदी पट्ट्या बांधत होता. "हे काहून?" आबांनी विचारलं. गर्दीत लेकरं चुकू नयेत म्हणून, मी म्हणाले. त्यांनी निमूट हात पुढे केला.

आगटीपाशी मात्र ते खुलले. गोवऱ्यांच्या धगीत भाजलेली कणसं, हातावर चोळून काढलेला गरम हुरडा. पहिला घास खाताना त्यांनी डोळे मिटून घेतले. मग त्यांना स्वस्थ बसवेना. ओळखीच्यांचं शेत म्हणजे आपलंच. शेंगदाण्याच्या चटणीचं भांडं उचलून ते शेजारच्या मंडळींना वाढू लागले. "घ्या, लाजू नका. पोटभर खा."

त्यातल्या एका बाईने मोबाइलवरची नजर न काढता ताटली पुढे केली. "काका, दही आणा. आणि ही खरकटी ताटं उचला आधी."

आबांनी ताटं उचलली. दहीही आणलं.

'ते माझे वडील आहेत,' एवढंच म्हणायचं होतं. मी मान खाली घालून हुरडा निवडत बसले. तोंड उघडलं तर माझी थाप उघडी पडेल, ही भीती होतीच. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी, त्या चारचौघांत, मला आबांचीच लाज वाटली. आज माझी मलाच वाटते.

निघताना आबांनी मालकाला शोधून काढलं. जीन्स घातलेला तरुण माणूस. आबांनी त्याच्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल घातला, आणि मायनं त्याच्या बायकोची खणानारळानं ओटी भरली. आजूबाजूला लोक फोटो काढू लागले, कुणी तरी फिदीफिदी हसलं. मालक गोंधळून माझ्याकडे बघू लागला. मी डोळ्यांनीच हात जोडले. तो समजला असावा; वाकून आबांच्या पाया पडला.

"आता तुमी लेकराबाळांसगट आमच्याकडं यायचं," आबा म्हणाले. "न्हाई म्हणायचं न्हाई."

बाहेर येताना फाटकाजवळचा मोठा फलक त्यांना दिसला. येताना गर्दीने तो झाकला होता. आबा थांबले. ओळीवर बोट फिरवावं तसं सावकाश वाचलं: माणशी इतके, लहान मुलांना निम्मे. मग मनगटावरच्या पट्टीकडे बघितलं, ती तोडली आणि खिशात ठेवली. मला वाटलं, आता रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

गाडीत मागे माय पोरांना सांगत होती, किती गोड माणसं, आपली ना ओळख ना पाळख, नुसती हिच्या ओळखीची, केवढा जीव लावला. त्यांच्यासाठी पापड करायचे, कुरडया करायच्या. आबा पुढे माझ्या शेजारी बसले होते. खिडकीबाहेर बघतच ते हळूच म्हणाले, "तुझ्या मायला कळू देऊ नको. खुशीत हाय ती."

मायनं खरंच पापड करून डब्यात भरून ठेवलेत. मी माहेरी गेले की ती विचारते, "ती मानसं कधी येणार गं?" आबाच म्हणतात, "येतील की."