आमेन म्हणणारा रंगनाथ

मी पायदळाच्या पलटणीत रेडिओ सेट सांभाळायचो. हवालदार म्हणून निवृत्त झालो, आता इंदिरानगरला असतो. आमच्या ख्रिस्ती घरात एकाने प्रार्थना केली, की बाकीच्यांनी शेवटी ‘आमेन’ म्हणायचं असतं. बर्फातल्या त्या पोस्टवर ख्रिस्ती मी एकटाच. मग आमेन कोण म्हणणार?

लान्स नाईक रंगनाथ म्हणायचा. निफाडचा गडी, घरी द्राक्षबाग, देव्हाऱ्यात खंडोबा. सकाळी स्टँड-टू, म्हणजे पहाटेचा सज्ज पहारा संपला, की स्टोव्हवर हात शेकत मी प्रार्थना करायचो आणि हा भसाड्या आवाजात, "आमेन! आता च्या टाक." पठ्ठ्या कधी मधेच म्हणून टाकायचा.

"अरे, संपली नाही अजून."

"तुझा देव बहिरा हाय का? आटप की!"

जानेवारीत तो पॅट्रोलवर गेला. चौघे होते, सेटवर त्यांचं नाव अल्फा. दुपारी एकला वरच्या वळणावर पोचल्याचा रिपोर्ट आला. पावणेदोनला बर्फाचा कडा सुटला, आमच्या बंकरपर्यंत गडगडाट आला. मग सेटवर नुसती खरखर.

"सेट सोडायचा नाही. बोलावत राहा," सुभेदारसाहेब म्हणाले आणि रेस्क्यू पार्टी घेऊन स्वतः वर गेले.

"अल्फा, अल्फा, जवाब दो. ओव्हर."

दोन हाकांच्या मधे प्रार्थना करू लागलो, तर लहानपणापासूनची पाठ प्रार्थनाही अर्ध्यावर विसरलो. खरं सांगतो, देवाचा राग आला होता. प्रभू, मी इतका ओरडतोय, तू तरी जवाब दे की! तिकडूनही काही नाही. तरी मी दोन्हीकडे हाका मारत राहिलो. थांबलो असतो तर रंगनाथ गेला, असं मीच ठरवून टाकल्यासारखं झालं असतं.

साडेचारला साहेबांचा आवाज आला. "तिघे मिळाले. जिवंत आहेत. ओव्हर."

"चौथा, साहेब? ओव्हर."

"रंगनाथ नाही राहिला. आउट."

प्रार्थना मी सोडली नाही. रोज करायचो, पण आमेनपाशी येऊन अडायचो. जीभच उचलायची नाही.

सुट्टी मिळाली तेव्हा निफाडला गेलो. रंगनाथचे वडील, तात्या, ओट्यावर बसले होते. चहा झाल्यावर म्हणाले, "रंग्या लय सांगायचा तुमच्या प्रार्थनेचं. करा की एकदा."

डोळे मिटले. सुचेल तसं बोललो. शेवटाला आलो आणि थांबलो.

"आमेन," तात्या म्हणाले. अगदी त्याचाच भसाडा आवाज. "त्यानं सांगितलं व्हतं, तुम्ही थांबले का म्हनायचं."

मी ढसाढसा रडलो.

दर जानेवारीत निफाडला जातो. तात्यांना आता ऐकू येत नाही. ते माझ्या ओठांकडे बघत बसतात आणि कधी कधी मधेच आमेन म्हणून टाकतात. मी प्रार्थना तिथेच संपवतो.